गुडघे धरले तरी तोल राखता येतो

मंडळी, आणि पुढच्या रांगेत पाय लांब करून बसलेल्या आया-मावश्यांनो,

कपाशीच्या या तालुक्यात गुडघेदुखी काय असते हे मी सांगायला नको. वेचणीला दिवसभर वाकायचं, निंदणीला उकिडवं बसायचं; मग गुडघे धरतात. घरातले मायेनं म्हणतात, "आई, तू आता बसूनच राहा." माझं आजचं सगळं बोलणं या एका वाक्याविरुद्ध आहे.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं घरोघर पाहणी झाली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं निघालं. सांधे सुजवून वाकडे करणारा आमवात मात्र दोनशेत एखाद्यालाच होता. म्हणजे दुखणं घरोघर आहे, पण त्यातल्या बहुतेकांना हालचालीची बंदी नाही. उलट हालचाल हवी.

का, ते बघा. डोळे, कानाच्या आतला भाग आणि पाय-सांध्यांकडून मेंदूला जाणारी खबर, या तिघांवर आपला तोल असतो. संधिवात तिसऱ्यावर घाला घालतो. गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू पुरता आवळलाच जात नाही. दुखावलेला सांधा जपायला शरीरच त्याला आवरून धरतं. त्यात आपण बसून राहिलो की तो वाळत जातो. आणि उंबऱ्याला ठेच लागल्यावर सावरायला नेमका तोच लागतो. म्हणून दुखऱ्या गुडघ्याचा माणूस न्हाणीत पडतो, ओट्यावरून उतरताना पडतो.

आता जरा उभे राहा. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरा. खुर्ची जड हवी, घरी ती भिंतीला टेकवून ठेवा. टाचा हळूहळू उचला, मनात पाच मोजा, तितक्याच हळू टेकवा. आपटू नका, उतरतानाच खरं काम होतं. पावलांच्या बोटांना घट्ट रोवू नका. दहा वेळा जमलं तर उत्तम, चार वेळा जमलं तरी चालेल. पुढच्या आठवड्यात एकच हात धरा, मग दोन बोटं. बोटं टेकवून डगमग थांबली की एका पायावर उभं राहण्याचा सराव सुरू करा. तिसरा व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि धपकन न बसता हळू बसायचं. गुडघा फार दुखत असेल तर खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवा.

आधार घेतला म्हणजे कमीपणा आला, असं कोणी मानू नये. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि पुढे त्यांनी भिंत, खुर्ची, पट्टे, दोर यांच्या आधारानं आसनं शिकवली. दुखणाईत माणसालाही त्या स्थितीत टिकता यावं, एवढ्याचसाठी. मला त्यांच्या कामातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

शंभरावर प्रयोगांचा एकत्र आढावा २०१९ साली निघाला. व्यायाम करणाऱ्या वयस्कर लोकांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं त्यात दिसतं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते.

सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा घाई नको. गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर करा. व्यायामात थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलंच राहिलं तर मोजणी निम्मी करा. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी त्याच्यावर भार देऊ नका. चक्कर येत असेल, साखरेमुळे तळपाय बधिर झाले असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि लेकासुनांना एक विनंती. न्हाणीच्या भिंतीत एक पक्का लोखंडी दांडा बसवून घ्या, ओल्या फरशीवर खरखरीत पायपुसणं टाका, रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा ठेवा. आईला "बसून राहा" म्हणण्याऐवजी ती खुर्ची धरून उभी असताना शेजारी उभे राहा.