बांध किती रुंद असतो?



पाऊस सरल्यावर जबलपूरजवळच्या पाटणच्या बाजूला गेलात, तर हवेली नावाच्या पट्ट्यातल्या उरल्यासुरल्या बंधियांमधलं पाणी सोडलेलं दिसेल. काळ्या जमिनीला चारी बाजूंनी मातीचे जाड बांध घालायचे, पावसाळाभर पाणी कोंडायचं, पाऊस सरला की ते सोडून द्यायचं आणि वाफसा आला की गहू-हरभरा पेरायचा, ही इथली जुनी रीत. धान आणि सोयाबीननं पुष्कळ ठिकाणी ती मोडीत काढली, हे आपण पाहतोच आहोत. पाणी साठलेलं असताना वरून फोटो घेतला तर हे बांध स्वच्छ दिसतात, पण भर पावसाळ्यात ढग फोटोच घेऊ देत नाहीत. जानेवारीत आकाश निरभ्र असतं, तर दोन्हीकडच्या गव्हाच्या हिरव्यात बांध बुडून जातो. हाच बांध ओळखायला आता संगणकाला शिकवलं जातंय. त्या शिकवणीतल्या एकाच पायरीबद्दल मी बोलणार आहे.

शेतं वेगळी काढणारी बरीच मॉडेल्स यू-नेट नावाच्या रचनेवर उभी आहेत. ती २०१५ साली आली, आणि मुळात सूक्ष्मदर्शकातल्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी. तिला हजारो चित्रं दाखवायची आणि प्रत्येकासोबत बरोबर उत्तर द्यायचं. या उत्तराला म्हणतात ग्राउंड ट्रुथ. पण हे उत्तर आणायचं कुठून?

सोपा मार्ग म्हणजे पटवाऱ्याचा नकाशा फोटोवर अंथरायचा. आपल्याकडचे जुने गावनकाशे मैलाला १६ इंच या प्रमाणाचे, म्हणजे १ : ३९६०. अर्ध्या मिलिमीटरच्या टाकानं रेघ ओढली की जमिनीवर ती दोन मीटर रुंद झाली! शिवाय मोजणी जरीबेनं, म्हणजे साखळीनं, नकाशा कागदा-कापडावर, त्याला घड्या पडलेल्या, तो आक्रसलेला. आणि हे सगळं सुधारून घेतलं तरी मूळ अडचण उरतेच. एका खसरा (सर्व्हे) नंबरात तीन भावांनी तोंडी वाटणी करून तीन शेतं केलेली असतात. उलट एकाच मोठ्या बंधियात दोन-तीन नंबर सुखानं नांदतात. मग खरं काय? माझं मत स्पष्ट आहे : फोटोवरून शिकणाऱ्या यंत्राला फोटोत दिसेल तेवढंच खरं म्हणून द्यावं. कागदावरची हद्द महसूल खात्याची. जी रेघ चित्रात नाहीच ती ओळख म्हटलं, तर यंत्र थापा मारायला शिकेल. म्हणूनच यंत्रानं काढलेली हद्द कुणी मालकीचा पुरावा म्हणून दाखवू लागला, तर मान्य करू नका.

आता समजा, कुणी पडद्यासमोर बसून दिसणारे बांध माऊसनं आखले. ती रेघ एका पिक्सेलची. यंत्राचं उत्तर तिच्यापासून एक पिक्सेल सरकलं, तर ते दहा पिक्सेल चुकल्याइतकंच चूक ठरतं. हा अन्याय आहे, कारण आखणाऱ्याचा हातही तेवढा हललेला असतोच. हीटमॅपचा उपयोग इथे होतो. रेघेवरच्या पिक्सेलला १ हा आकडा द्यायचा आणि दूर जावं तसा तो घंटेच्या आकाराच्या वक्रानं उतरवत न्यायचा. उताराची रुंदी, म्हणजे सिग्मा, दोन पिक्सेल धरली तर दोन पिक्सेलवर ०.६१ आणि चारवर ०.१४ उरतं. ओल्या कागदावर शाईची रेघ फुटावी तसं हे चित्र दिसतं.

हे करताना एक बारीक चूक फार होते. शेजारच्या दोन शेतांचा बांध एकच, पण आखताना तो दोनदा येतो. दोन्हींचे आकडे बेरजेनं मिळवले तर सामाईक बांध दुप्पट तापतो आणि गावाच्या कडेचा एकटा बांध थंड राहतो. त्यामुळे बेरीज करू नये, दोन्हींतला मोठा आकडा ठेवावा.

याच्या जोडीला दुसरा हीटमॅप बनवतात तो अंतराचा : बांधावर शून्य आणि शेताच्या पोटात १. एखाद्या ठिकाणी बांध धूसर असला तरी दोन शेतांचे दोन उंचवटे वेगळे राहतात, आणि शेतं एकमेकांना चिकटत नाहीत.

छोट्या शेतांत याची खरी परीक्षा. सेंटिनेल-२ उपग्रहाचा एक पिक्सेल १० मीटरचा. एक एकराचं चौकोनी शेत म्हणजे साधारण सहा बाय सहा, छत्तीस पिक्सेल. त्यातले वीस कडेचे आणि आतले फक्त सोळा! इथे दोन पिक्सेलचा सिग्मा लावला तर सगळं शेतच बांध होऊन बसेल. उलट गावठाणं मोजणाऱ्या सरकारी स्वामित्व योजनेतल्या ड्रोनफोटोंचा पिक्सेल पाच सेंटिमीटरचा. तिथे दोन पिक्सेल म्हणजे वीतभरापेक्षाही कमी. म्हणून सिग्मा मीटरमध्ये ठरवावा, पिक्सेलमध्ये नव्हे. या योजनेत ड्रोन उडण्यापूर्वी हद्दींवर चुना टाकतात, ही मला फार आवडलेली गोष्ट. ग्राउंड ट्रुथ अक्षरशः ग्राउंडवर, तीही आधीच! पण ती सोय आबादीपुरती, म्हणजे गावठाणापुरती, शेतांना नाही.

शेतांसाठी २०२२ मध्ये शेरी वांग, फ्रान्स्वा वाल्डनर आणि डेव्हिड लोबेल यांनी वेगळी वाट दाखवली. त्यांनी मॉडेल आधी फ्रान्सच्या शेतांवर घडवलं आणि मग भारतभरातल्या सुमारे १०,००० शेतांवर त्याला वळण लावलं. एका चित्रातली सगळी शेतं आखलीच नाहीत. काहीच आखली, आणि उरलेल्या भागाला ना शाबासकी ना शिक्षा.

मला यात एक भर घालावीशी वाटते. सगळ्या बांधांना एकच सिग्मा देणं हा आळस आहे. हवेलीचा बांध तळाशी कित्येक पावलं रुंद असतो आणि मटाराच्या दोन वाफ्यांमधली मेड हातभर. दोघांना एकाच मापाची झालर का? एक चित्र दोन माणसांना स्वतंत्रपणे आखायला द्या. दोघांच्या रेघा जवळ आल्या तर अरुंद उतार, लांब गेल्या तर रुंद. आणि एकाला बांध दिसला, दुसऱ्याला दिसलाच नाही, तर सरासरी काढून ०.५ लिहू नका. अर्धा बांध जगात नसतो. तेवढा तुकडा झाकून ठेवा, नाहीतर कुणीतरी गाडी काढून पाहून या.