थरथर आणि उसळी

पिकअप मोटारीचे मागील कमानपाटे ओझें पेलण्यासाठीं घडविलेले असतात. म्हणून रिकामी गाडी थोडी उसळते, हा दोष नव्हे. परंतु खड्डा ओलांडल्यावरही ती डोलतच राहिली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाल्याचा संशय घ्यावा. त्याच्या नळकांड्यावर तेलाचे ओघळ आढळले, तर तो संशय दृढ होतो. ठराविक वेगालाच येणारी थरथर निराळी. ती बहुधा चाकांचा बिघडलेला तोल, टायर किंवा प्रोपेलर शाफ्ट यांतून उद्भवते. स्टिअरिंग थरथरल्यास पुढचीं चाकें, बैठक थरथरल्यास मागील भाग प्रथम तपासावा. केवळ प्रवाशांच्या सुखासाठीं ही परीक्षा करावयाची नाहीं. उसळणारें चाक क्षणभर रस्ता सोडतें, आणि रस्ता सोडलेल्या चाकाचा ब्रेक गाडीला आवरूं शकत नाहीं.