रुग्णालयातील खोळंबा : प्रयत्न अपुरे का पडतात?



तातडीच्या विभागाबाहेर स्ट्रेचरवर ताटकळणारी वृद्ध माता आणि हाती कागद घेऊन एका खिडकीहून दुसऱ्या खिडकीकडे धावणारा तिचा मुलगा, हे दृश्य कोणाही कुटुंबाला अपरिचित नाही. गर्दी वाढली की व्यवस्थापन उपाय योजते. नोंदणीच्या खिडक्या वाढतात, टोकनयंत्र बसते, प्रतीक्षालयात नव्या खुर्च्या येतात. काही दिवस बरे जातात आणि रांग पूर्ववत होते. असे का व्हावे?

पहिले कारण हे, की खोळंबा जेथे दिसतो तेथे त्याचे मूळ नसते. दाराशी थांबलेल्या रुग्णाला पुष्कळदा डॉक्टर भेटलेले असतात. वॉर्डात खाट मोकळी नसते. खाट अडलेली असते, कारण बरा झालेला रुग्ण अद्याप घरी गेलेला नसतो. सकाळच्या फेरीत डॉक्टर घरी जाण्यास अनुमती देतात. पुढे डिस्चार्ज कार्ड, उरलेल्या औषधांची परतफेड, अंतिम बिल आणि विम्याची मंजुरी यांत सायंकाळ उजाडते.

यामागचे गणित सोपे आहे. अमेरिकेतील प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, रोज ३० रुग्ण दाखल होत असतील आणि सरासरी मुक्काम ४ दिवसांचा असेल, तर १२० खाटा व्यापतात. मुक्काम केवळ अर्ध्या दिवसाने लांबला की १३५ खाटा लागतात. वाढीव १५ खाटांवर उपचार चालू नसतात; तेथे फक्त वाट पाहिली जाते.

दुसरे कारण म्हणजे घड्याळावर ठेवलेला अवाजवी विश्वास. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने तातडीच्या विभागातील ९८ टक्के रुग्णांचा निर्णय ४ तासांत लावण्याचे लक्ष्य २००४ च्या अखेरीसाठी ठरविले होते. प्रतीक्षा घटली हे खरे; परंतु अनेक रुग्णांची रवानगी चार तास भरण्याच्या ऐन तोंडावर होऊ लागली. २०१० मध्ये लक्ष्य ९५ टक्क्यांवर आणले गेले. जुलै २०१५ नंतर देशपातळीवर तेही गाठता आले नाही. वॉर्ड भरलेले होते आणि घरी काळजी घेणारे कोणी नसल्याने अनेक वृद्ध तेथेच अडकले होते.

आपल्याकडे विमा नियामकाने २०२४ मध्ये डिस्चार्जच्या वेळी विमा कंपनीने ३ तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असा दंडक घातला. तो स्वागतार्हच आहे. मात्र हे तीन तास रुग्णालयाची विनंती पोहोचल्यावर मोजले जातात. कागद टेबलावरच पडून राहिले, तर तो विलंब कोणत्याही घड्याळात दिसत नाही.

तिसरे कारण अधिक नाजूक आहे. प्रत्येक विभाग आपापले काम चोख करतो. रुग्णाच्या संपूर्ण प्रवासाचा धनी कोणीच नसतो. अमेरिकेतील अभ्यासक युजीन लिटवाक यांनी दाखवून दिले, की गर्दीचे चढउतार केवळ अपघात वा साथींमुळे होत नाहीत. पूर्वनियोजित शस्त्रक्रिया ठरावीक दिवशी एकवटल्यानेही ते होतात. हा उपाय खर्चिक नाही, पण ज्येष्ठ शल्यविशारदांना आपला सोयीचा वार सोडावा लागतो. तेथेच बहुतेक सुधारणा थबकतात, कारण ते सांगण्याचे धैर्य कनिष्ठ व्यवस्थापकाकडे नसते. तो अधिकार विश्वस्तांचा आहे.

दानशूर समाज रुग्णालयास खाटा देतो, त्यांवर दात्यांची नावे कोरली जातात. ते पुण्यकर्म स्तुत्यच होय. तथापि नवी इमारत उभारण्यापूर्वी विश्वस्तांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : काल घरी जाण्यास योग्य ठरलेले रुग्ण प्रत्यक्षात किती वाजता बाहेर पडले? आदल्या दिवशीच डिस्चार्ज कार्ड आणि बिल तयार करण्याची शिस्त लागली, घरच्यांना वेळ आधी कळविली, तर बंद पडल्यागत झालेल्या खाटा पुन्हा सेवेत येतील. मग दाराशी स्ट्रेचरवर पडलेल्या त्या मातेला नव्या मजल्याची वाट पाहावी लागणार नाही.