टक्केवारीत अडकलेला कर्ब



मृदपरीक्षकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. शहरातले सभागृह सोडून आपण जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णी या गावी जमलो, याचा आनंद त्याहून मोठा. अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो छापील अहवालात आला आहे, तिथेच वाचावा ही विनंती. मिळालेला वेळ मी एकाच गोष्टीसाठी वापरणार आहे. एकोणीस वर्षे ती मनात साचली आहे.

आपण सेंद्रिय कर्ब टक्क्यांत सांगतो. देशाला नैसर्गिक संपत्तीच्या लेख्यांसाठी तो टनांत हवा आहे. टक्का आणि टन यांच्यामध्ये मातीचे वजन येते आणि तेच आपण घेत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी पर्यावरणीय-आर्थिक लेख्यांची मध्यवर्ती चौकट २०१२ साली मान्य केली, परिसंस्थांच्या लेख्यांची २०२१ साली. ती गावच्या दुकानदारालाही कळेल अशी आहे: आरंभीची शिल्लक, आलेली भर, झालेली घट, अखेरची शिल्लक. आपल्याकडे पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ साली हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा दिला. वनांचा हिशेब त्यात बराच पुढे गेला. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या वनांतला कार्बन ७२८.५५ कोटी टन धरला आहे, आधीच्या अहवालापेक्षा ८.१५ कोटी टनांनी जास्त. आणि या साठ्यात निम्म्याहून मोठा वाटा झाडांचा नाही, मातीचा आहे. आपल्या जालना जिल्ह्यात वन नावापुरते. आपली सारी पुंजी शेतातल्या काळ्या मातीत आहे, आणि ती मोजण्याचे काम तुमच्या-माझ्याकडे आहे.

सकाळच्या सत्रात तरुण मित्रांचा वाद रंगला. उपग्रहाने मोजायचे, की प्रयोगशाळेत? वाद चांगला झाला. पण दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकत होत्या. ते कसे, हे मला दोन सख्ख्या भावांच्या शेतांनी शिकवले.

दोघांची शेते एका बांधाच्या अल्याड-पल्याड. थोरला बैलजोडी ठेवून होता, उकिरड्याचे खत टाकायचा. धाकटा दरवर्षी ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर फिरवायचा. दोघांचे नमुने मी स्वतः तपासले. डायक्रोमेट, गंधकाम्ल, मग थेंबाथेंबाने अनुमापन. गडद निळसर रंग एका थेंबात हिरवा होतो, तो क्षण ज्याने हजारो वेळा पाहिला त्याचा हात सहसा चुकत नाही. दोघांचाही कर्ब निघाला ०.५ टक्के. पत्रिका छापल्या आणि दिल्या. थोरला ती घेऊन परत आला. म्हणाला, "सायेब, त्याच्या रानात मक्याचं मूळ वीतभर खाली जात नाही. मग दोघांचा आकडा एकच कसा?"

मी गावातल्या वेल्डरकडून पाच सेंटीमीटर व्यासाच्या पाइपाचा पाच सेंटीमीटर उंचीचा तुकडा कापून घेतला, एक कड धार लावून घेतली. वर लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही रानांत ठोकला. निघालेली माती १०५ अंशांवर वाळवली आणि तोलली. थोरल्याची भरली १२७ ग्रॅम, धाकट्याची १४७. म्हणजे घनता एकाची १.३, दुसऱ्याची १.५.

आता रूढ रीतीने ३० सेंटीमीटर खोलीचा हिशेब करा. थोरल्याच्या हेक्टरी साडेएकोणीस टन कर्ब, धाकट्याच्या साडेबावीस. ज्याने चाकाखाली माती दाबली, तो तीन टनांनी श्रीमंत ठरला! कारण तीस सेंटीमीटरमध्ये त्याची माती जास्त मावली. उपाय एकच: समान खोली सोडून समान वजनाची माती तुलनेला घ्यायची. हेक्टरी ३,९०० टन माती धरली, तर ती थोरल्याच्या रानात तीस सेंटीमीटरवर संपते आणि धाकट्याच्या सव्वीसवर. तिथे दोघांची शिल्लक सारखी येते. जी वाढ झालीच नव्हती, ती वहीतून जाते.

उपग्रहाला ही दाबलेली माती दिसत नाही आणि आपल्या चंचुपात्रातही ती सापडत नाही. म्हणून सकाळचा वाद मी इथे संपला असे समजतो.

हे सारे मी त्याच वर्षी एका बैठकीत मांडले. नोंदवहीत घनतेचा एक रकाना वाढवा, एवढीच मागणी होती. एक वरिष्ठ म्हणाले, शेतकऱ्याला त्याचे काय करायचे? बैठक पुढच्या विषयाकडे गेली. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आली, बारा घटक आले. सामू आला, जस्त आले, बोरॉन आला. कर्बाचा टक्काही आला. वजन नाही आले. मी निवृत्त झालो. थोरला भाऊ आज नाही, त्याची बैलजोडी तर आधीच गेली.

आज कार्बन क्रेडिटचे करार घेऊन माणसे बांधावर येऊ लागली आहेत. घनतेची नोंद नसेल, तर दाबलेले रान भाव खाईल आणि पऱ्हाट्या न जाळता कुजवणाऱ्याच्या पदरात काहीच पडणार नाही. ही फसवणूक आपल्या सहीने होईल. मला ती मान्य नाही, आणि तुम्हालाही नसावी.

म्हणून माझी सूचना: जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळात काही कायमची शेते नेमावीत, दर काही वर्षांनी तिथेच तोलावे. त्यासाठी एक समिती करू, तपशील ती ठरवील.

तो पाइपाचा तुकडा मी सोबत आणला आहे. काळी माती कोरडी पडली की भेगाळते आणि घनतेचा आकडा बदलतो. नमुना ओलीतच घ्यावा लागतो. परवा इथे पाऊस झाला आहे. उद्या सकाळी सात वाजता शाळेमागच्या रानात या, आणि येताना आपापली नोंदवही घेऊन या.