आठशेचं इंजिन आणि आपली वही

कोपरापर्यंत हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्या माझ्या सगळ्या गॅरेजवाल्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षाने आधी धंद्याची दुरवस्था सांगावी, मग सरकारला चार शब्द सुनवावेत आणि शेवटी तरुणांना हाक द्यावी, असा आपल्या अधिवेशनांचा रिवाज आहे. जेवणाची वेळ जवळ आलेली असल्यामुळे तो मी मोडतो आणि थेट एका इंजिनावर येतो. मारुती ८००चं इंजिन. सुझुकीच्या कागदांवर त्याचं नाव एफ८बी, आपल्या तोंडी नुसतं ‘आठशे’. इथल्या निम्म्या लोकांचे हात पहिल्यांदा त्याच्यावरच काळे झाले असतील.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची चावी दिली गेली आणि जानेवारी २०१४मध्ये शेवटची आठशे कारखान्याबाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत गाडीचं कवच बदललं, दिवे बदलले, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. पण बोअर ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७२ मिलिमीटर हे शेवटपर्यंत तसंच राहिलं. तीन सिलिंडर, गुणाकार केला की ७९६ सीसी. वर पट्ट्यावर फिरणारा एक कॅम, सिलिंडरमागे दोन वॉल्व्ह. कार्ब्युरेटरच्या काळात ५५०० फेऱ्यांना ३९ अश्वशक्तीच्या आसपास.

तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी १०८९ सीसीला ४० अश्वशक्ती द्यायची. म्हणजे पाऊण इंजिनात जवळपास तेवढीच ताकद, आणि ओढायची गाडी दोन-अडीचशे किलोंनी हलकी. जुन्या मिस्त्र्यांना हे पटेना. एवढंसं इंजिन, एवढे फेरे. लवकरच रिंगा जातील आणि धूर मारेल, असंच भाकीत ज्याच्या त्याच्या तोंडी. ते खोटं का ठरलं, हा माझ्या मते आपल्या धंद्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कॅटलॉगात नाही. बोअर, स्ट्रोक, ताकद, टॉर्क, अ‍ॅव्हरेज सगळं तिथे छापलेलं असतं. टिकाऊपणाचा रकाना कुठल्याच कॅटलॉगात नसतो.

तरी त्यातल्याच आकड्यांकडे नीट पाहिलं तर थोडं कळतं. इंजेक्शनवाल्या आठशेचा टॉर्क ५९ न्यूटन-मीटर, तोही फक्त २५०० फेऱ्यांना. गणित मांडा, तिथे ताकद वीस-एकवीस अश्वशक्ती निघते. दादर ते सायन किंवा पुण्याचा लक्ष्मी रोड, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये याच टापूत फिरते. पिस्टनचा सरासरी वेग ५५०० फेऱ्यांना सेकंदाला तेरा मीटरच्या वर जातो, २५०० फेऱ्यांना तो फक्त सहा मीटर असतो. छापलेला मोठा आकडा शोरूममधल्या गिऱ्हाइकासाठी. इंजिनाचं आयुष्य गेलं त्याच्या खालच्या अर्ध्यात. फेरे घेण्याची कुवत होती आणि घ्यावे मात्र क्वचितच लागत. ही शिल्लक कुवतच पुढे टिकाऊपणा म्हणून दिसली.

दुसरी गोष्ट पंख्याची. आपल्या जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन मंद, तर पंखाही मंद. म्हणजे सिग्नलला उभं राहिल्यावर, जेव्हा वारा सगळ्यात जास्त हवा, तेव्हाच तो कमी. आठशेत इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे विजेचा पंखा आला. पाणी तापलं की तो आपोआप सुरू होतो, मग इंजिन कितीही मंद चालू असो. मे महिन्याच्या दुपारी शहरात गाड्या उकळणं कमी झालं त्यात या पंख्याचा वाटा मोठा. कौतुक मात्र सगळं ‘जपानी इंजिना’चं झालं.

तीन सिलिंडरचा दोषही सांगायला हवा. क्रँकचे तीन हात १२० अंशांवर असल्याने वर-खालचा धक्का जुळून जातो, पण पुढचं टोक आणि मागचं टोक आळीपाळीने डोलत राहतं. म्हणून आयडलला ती थरथर. माउंटिंगचं रबर बसलं की ती स्टिअरिंगपर्यंत येते. अशा वेळी गाडी आली की आपल्यातले काही जण आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर खोलतात. माउंटिंगवर शेवटी नजर जाते. तोवर बिल फुगलेलं असतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, इंजिनात राम राहिला नाही.

आता आपल्या सगळ्यांच्या आवडत्या उपायाकडे येतो: थर्मोस्टॅट काढून फेकणं. गाडी तापते? काढा थर्मोस्टॅट, पंखा डायरेक्ट करा. गिऱ्हाईक खूश, काटा खाली. पण थर्मोस्टॅट इंजिनाला थंड ठेवण्यासाठी नसतोच, ते लवकर गरम व्हावं म्हणून असतो. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास येईपर्यंत तो रेडिएटरची वाट अडवून धरतो. तो काढला की मुलांना शाळेत सोडून भाजी घेऊन परतणारी गाडी कधी गरम होतच नाही. इंजेक्शनवाल्या गाडीचा सेन्सर इंजिन थंड असल्याचं कळवत राहतो, म्हणून कंट्रोल युनिट पेट्रोल जास्त सोडत राहतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. सोबत पाण्याची वाफ. ऑइलच्या झाकणाखाली साचलेली पांढरट साय तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. दर वेळी ते हेड गॅस्केट उडाल्याचं लक्षण नसतं. बऱ्याचदा ते कधीच न तापलेल्या इंजिनाचं असतं. रिंगा आणि बोअर इथे झिजतात, हायवेवर नाही.

आणि मुळात गाडी का तापत होती, हे राहूनच जातं. बोअरवेलचं जड पाणी भरून रेडिएटर आतून चुन्याने बुजलेला असतो. कूलंट महाग म्हणून टाकलेलं नसतं. पुढे एक दिवस काटा वर जातो, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, लेथवाल्याकडे फेस मारून येतं. प्रत्येक फेसला हेड थोडं पातळ होतं आणि कॉम्प्रेशन थोडं वाढतं. दोन-तीनदा हे झालं की इंजिन पेट्रोलवर ठोकायला लागतं. दोष जातो कंपनीच्या नावावर.

सोलापूरकर मंडळी इथे आहेत म्हणून एक आठवण. एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज चारचा नियम ज्या तेरा शहरांत आला, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. आठशेचं इंजिन त्या नियमात बसवायचं नाही, असं कंपनीने ठरवलं होतं. म्हणजे त्या शहरांच्या शोरूममधून ते झिजून गेलं नाही, धुराच्या नियमाने गेलं. त्याच घराण्यातलं, बारा वॉल्व्हचं इंजिन अल्टोत पुढे बरीच वर्षं चाललं. त्याच्या जोडीला आलेल्या ९९८ सीसीच्या के-मालिकेत पट्ट्याऐवजी चेन आहे. पट्टा ठरल्या किलोमीटरला बदलायची कटकट गेली, असं गिऱ्हाइकाला वाटतं. चेन ताणून धरणारा टेन्शनर मात्र ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल दुप्पट किलोमीटर चालवलं की चेन वाजायला लागते. जोखीम पट्ट्यावरून उठून ऑइलच्या डब्यात जाऊन बसली, इतकंच.

आणि आता इंधनच बदललं आहे. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांतून निघणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के आलं. उसाच्या पट्ट्यातला माणूस म्हणून मला त्याचा आनंद आहे. मिस्त्री म्हणून काळजीही आहे. लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. त्यासाठी इंजेक्टर बदलून द्यायचं कारण नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे रबरी पाइप, डायफ्रॅम आणि सील मात्र या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाण्याचा थर तळाला बसू शकतो. कुठला पाइप कधी फुगला, कुठल्या गाडीचा पंप किती दिवसांत गेला, हे आज कोणाला माहीत आहे? सुटंसुटं आपल्यालाच माहीत आहे, आणि आपण ते कुठेच लिहीत नाही.

कंपनीला गाडीची माहिती असते ती वॉरंटी संपेपर्यंत. त्यानंतर गाडी आपल्याकडे येते आणि पुढची दहा-पंधरा वर्षं आपल्याकडेच असते. शहरातल्या छोट्या पेट्रोल इंजिनाच्या टिकाऊपणाचा खरा हिशेब कुठे असेल, तर तो या सभागृहात आहे, आणि आज तो आपल्या डोक्यात, पाकिटांच्या मागे आणि पुसून गेलेल्या पाट्यांवर विखुरला आहे.

म्हणून आपल्या संघटनेच्या कार्यकारिणीने माझी एक सूचना मान्य केली आहे. प्रत्येक गॅरेजला एक वही. गाडीचं मॉडेल आणि साल, मीटरचं वाचन (मीटर मागे फिरवलेला वाटला तर तसं लिहा), इंधन कुठलं, गाडी दिवसभर चालते की दोन किलोमीटर जाऊन उभी राहते, काय बिघडलं, खोलल्यावर काय दिसलं आणि बोअर मोजला असेल तर त्याचं माप. मालकाचं नाव नको, गाडीचा नंबर नको. दर सहा महिन्यांनी वह्या जिल्ह्याच्या शाखेकडे द्यायच्या.

एक धोका आहे. आपल्याकडे येतात त्या बिघडलेल्या गाड्या. फक्त त्याच लिहिल्या तर जगातलं प्रत्येक इंजिन वाईट दिसेल. तेव्हा नुसतं ऑइल बदलायला आलेली धडधाकट गाडीही वहीत आली पाहिजे, तिच्या किलोमीटरसकट.

वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, जेवायला जाताना घेऊन जा. बोअरचा रकाना भरताना बोअर गेज लावा. नख फिरवून घेतलेलं माप शाखेत स्वीकारलं जाणार नाही.