बीटचा चोथा, सोयाबीनचे टरफल आणि घोड्याचा आहार

(भाषणाचा मजकूर)



नांदेड जिल्ह्यातील माळेगाव (ता. लोहा) येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार सर्वपरिचित आहे. त्या बाजारात घोडा पारखणारे जाणकार पुष्कळ आढळतात. परंतु विकत घेतलेल्या जनावराच्या रोजच्या आहाराचा विचार तितक्या बारकाईने होत नाही. ज्या कुटुंबाचा निर्वाह वरातीच्या किंवा टांग्याच्या घोड्यावर चालतो, त्याला ही उणीव महाग पडते.

बीटमध्ये साखर असल्याचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्ग्राफ यांनी १७४७ मध्ये दाखविले. पुढे युरोपात बीटपासून साखर काढणारे कारखाने उभे राहिले. साखर काढल्यावर उरणारा चोथा तेथे भिजवून घोड्यांना पूरक खाद्य म्हणून देतात. घोडा रवंथ करीत नाही. त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जीव चाऱ्यातील तंतू कुजवून त्यापासून शक्ती निर्माण करतात. बीटच्या चोथ्यातील तंतू असे सहज पचतात, शिवाय त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, चांगल्या प्रमाणात असतो.

आपल्याकडे घोड्याला हरभरा आणि गव्हाचा कोंडा घालण्याची रीत आहे. कोंड्यात स्फुरद भरपूर, पण चुना अल्प. अशा आहारावर वर्षानुवर्षे ठेवलेल्या घोड्याची हाडे ठिसूळ होतात, तोंडाची हाडे फुगतात व तो लंगडू लागतो.

मराठवाड्यात बीटऐवजी ऊस आहे. मग उसाचे वाढे चालणार नाही काय, असा प्रश्न साहजिकच निघतो. टंचाईच्या काळात वाढ्याने असंख्य जनावरे जगविली, हे खरे. परंतु वाढ्यातील ऑक्झॅलेट हे द्रव्य आहारातील चुना बांधून ठेवते व तो अंगी लागू देत नाही. कोंड्याच्या जोडीला वाढे दिल्यास घोड्याचे दुहेरी नुकसान होते.

बीटच्या चोथ्याशी खरे साम्य आहे ते सोयाबीनच्या दाण्यावरील पातळ टरफलाचे. लातूर हे सोयाबीनची मोठी बाजारपेठ व प्रक्रियेचे केंद्र आहे. तेल काढताना दाण्यापासून वेगळे होणारे हे टरफल घोड्याला सहज पचते. मळणीनंतर शेतात उरणारे भुसकट मात्र वेगळे. ते टरफलाची जागा घेऊ शकत नाही.

तीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारे सहा किलो कोरडा आहार लागतो. त्यात मुख्य वाटा वाळलेले गवत व कडबा यांचाच असावा. टरफलाचा प्रारंभ पाव किलोने करून आठ-दहा दिवसांत ते हळूहळू एक किलोपर्यंत वाढवावे व तितका कोंडा कमी करावा. टरफल ओलसर करून द्यावे. बुरशी आलेले किंवा आंबलेले टाकून द्यावे. घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे वाईट खाद्य पोटात गेल्यास पोटशूळ जिवावर बेतू शकतो. सोबत थोडी लसूणघास, मीठ व मुबलक स्वच्छ पाणी असावे. गाई-बैलांसाठी युरियाची प्रक्रिया केलेला चारा घोड्यापुढे टाकू नये.

ग्रामपंचायतींनी ही माहिती यात्रेपूर्वी चावडीवर वाचून दाखवावी, शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचवावी. घोडा लंगडू लागण्याची वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सल्ला घेणे हिताचे ठरेल. कष्टकऱ्याचे जनावर धडधाकट राहिले, तरच त्याची चूल पेटती राहते.