चिठ्ठीपुढची वाट



 डहाणूतल्या या संमेलनाच्या मंडपातला चौक आमच्या वारली बहिणींनी काल रात्री जागून काढला आहे. 

बालशिक्षणाचं संमेलन डहाणू तालुक्यात भरतं, तेव्हा पहिली आठवण बोर्डीची निघते. 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक तिथं आल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं तिच्यात येईनात. ताराबाईंनी आईबापांना अडाणी ठरवलं नाही. त्यांनी बालवाडीच उचलली आणि त्या मुलांच्या अंगणात नेऊन मांडली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला. पुढे कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, तीही याच विचारातून. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिच्याबरोबर हा शब्द देशभर गेला. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

दुसरी आठवण अलीकडची. फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्या पालघरातूनच झाला. जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टींसाठी तपासणी पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं. काही आढळलं की चिठ्ठी द्यायची, आणि मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, आपण ज्याला डीईआयसी म्हणतो तिथं पाठवायचं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान आणि वाचा पाहणारे, मानसतज्ज्ञ, सगळे एका छपराखाली, आणि सगळं मोफत. योजना चांगली आहे, हे मी भीड न ठेवता सांगते. आत वळलेलं पाऊल घेऊन जन्मलेलं बाळ पहिल्या काही आठवड्यांत पोहोचलं, तर दर आठवड्याच्या प्लॅस्टरनं आणि नंतरच्या बुटांनी ते पाऊल सरळ होतं. अशी मुलं धावताना मी पाहिली आहेत.

पण मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, आणि चिठ्ठीच्या पुढे काय होतं तेही मी पाहिलं आहे.

माझ्या बीटमधल्या एका पाड्यावर दोन वर्षांचा मुलगा होता. त्याची आई मला म्हणाली, “बाई, तारपा वाजला तरी हा वळत नाही.” मी तिला सांगितलं, काही मुलं उशिरा बोलतात, वाट पाहू. तिचं बरोबर होतं, मी चुकले होते. नवजात बाळाचं ऐकणं पहिल्या महिन्यात तपासावं, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावं आणि सहाव्या महिन्याआधी उपचार सुरू व्हावेत. या मुलाची ऐकण्याची बेरा तपासणी झाली तेव्हा तो चार वर्षांचा झाला होता. वाट पाहण्यात त्याची दोन वर्षं गेली, आणि ती वाट पाहायला मी सांगितलं होतं.

पुढे त्याला कानाचं यंत्र मिळालं, तेही फुकट. दर आठवड्याला वाचा उपचारासाठी केंद्रात यायचं ठरलं. एकदा येण्याजाण्यात आईची एक दिवसाची मजुरी बुडायची, एसटीला पैसे लागायचे, आणि धाकटं मूल कडेवरच असायचं. तरी ती नऊ वेळा आली. मग दिवाळी झाली आणि घरदार वीटभट्टीवर गेलं. पावसाच्या तोंडावर ते परतले, तेव्हा यंत्र एका स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून नीट जपलेलं होतं. सेल कधीच संपले होते. कार्यालयाच्या नोंदवहीत शेरा पडला: ‘पालकांचा प्रतिसाद नाही.’ तो शेरा वाचून मला जे वाटलं, ते आजही जात नाही.

त्याच मुलापुढे तपासणीत ठेवलेली चित्रांची कार्डंही मला आठवतात. सफरचंद, फ्रिज, लिफ्ट. त्याच्या घरात बांबूची टोपली होती, कणगी होती, कोंबडीची पिल्लं होती. न पाहिलेल्या वस्तूचं नाव मुलानं कोणत्या भाषेत सांगायचं? वारली बोलणाऱ्या मुलाची तपासणी त्याच्या घरच्या शब्दांत झाली नाही, तर वाढीतला उशीर कोणता आणि परकेपण कोणतं, हे कुणालाही ओळखता येणार नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी घटनेच्या 45 व्या कलमात राज्यानं प्रयत्न करावा एवढंच आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तिसऱ्या वर्षापासून पायाभूत टप्पा धरला, 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती आली. दोन्हींचं मी स्वागत करते. पण ज्या अंगणवाडी सेविकाताईनं हे सगळं करायचं, तिच्या कामाच्या मोबदल्याला आपण अजून मानधनच म्हणतो. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला 2022 साली सर्वोच्च न्यायालय लागलं.

संमेलनाच्या या दोन दिवसांत माझं मागणं एकच आहे. ताराबाईंनी बालवाडीबाबत केलं, ते आपण उपचारांबाबत करावं. ठरलेल्या वारी थेरपिस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात, जमलं तर पाड्यावर यावा. घरी काय करून घ्यायचं ते त्यानं सेविकेला आणि आईला शिकवावं. मूल भट्टीवर गेलं तर त्याची नोंद तिथल्या अंगणवाडीत त्याच आठवड्यात पोहोचावी, आणि यंत्राचे सेलही.

पहिल्या सत्रात आधी डॉक्टर बोलतील असं पत्रिकेत छापलं आहे. डॉक्टरांच्या संमतीनं तो क्रम आम्ही बदलला आहे. तिसऱ्या रांगेत बसलेल्या पाच आया आधी बोलतील, वारलीत आणि मराठीत. तोवर त्यांची मुलं शेजारच्या खोलीत मदतनीसताईंपाशी खेळतील. आयांनो, या, व्यासपीठावर या.